फलकाला धनी कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात सौ.च्या गुडघ्यासाठी एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अडीच तास बसण्याचा योग आला. समोरच्या भिंतीवर भलामोठा टीव्ही होता. आमचे टोकन ४७. टीव्हीवर ३१ दिसायचे, मग संपूर्ण तपासणीच्या पॅकेजची जाहिरात, मग हसऱ्या डॉक्टरांचे फोटो, मग मधुमेहावर दोन उपदेश, आणि फिरून ३१. प्रत्यक्षात दारात उभ्या मावशी नावाने हाका मारत होत्या आणि आत ४४ नंबर गेला होता. शेजारचे आजोबा टीव्हीवर विसंबून चहाला गेले आणि त्यांचा नंबर हुकला. परत आल्यावर मावशींनी त्यांनाच सुनावले, "आजोबा, टीव्हीकडं काय बघताय, माझ्याकडं बघा!"

मावशींचे काही चुकले नव्हते. नंबर पुढे सरकवायचे बटण आत डॉक्टरांच्या टेबलावर होते. डॉक्टर पेशंट तपासतील की बटण दाबतील?

मी चौतीस वर्षे भोसरी एमआयडीसीत काढली, त्यातली बरीचशी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर म्हणून. फलकांशी जुना संबंध, म्हणून हे पत्र. हल्ली बँकेत, महापालिकेत, मॉलमध्ये, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, जिथे जावे तिथे पडदे लागले आहेत. लागू देत. माझा प्रश्न एवढाच आहे की त्यावर काय दिसते याची जबाबदारी कुणाची?

आमच्याकडे 'अँडॉन' नावाचा फलक होता. शब्द जपानी, मूळ अर्थ कागदी कंदील. टोयोटाच्या कारखान्यांतून ही पद्धत जगभर गेली आणि बड्या वाहन कंपन्यांच्या मागोमाग आमच्यासारख्या व्हेंडरांकडेही आली. लाइनच्या डोक्यावर फलक, त्यावर स्टेशनांचे नंबर. पार्ट बसेना, टूल तुटले, मटेरियल संपले, की कामगाराने दोरी ओढायची. त्याच्या नंबराचा दिवा पिवळा व्हायचा, ठरलेली धून वाजायची आणि मी हातातले टाकून तिकडे पळायचो. ठरल्या वेळात निस्तरले तर दिवा विझायचा. नाही तर लाल व्हायचा आणि लाइन थांबायची. मग मॅनेजरपुढे उभे राहायचे तेही मीच. खाली तीन आकडे असत: प्लॅन म्हणजे ठरलेले नग, अ‍ॅक्च्युअल म्हणजे झालेले नग, आणि डिफरन्स म्हणजे दोहोंतला फरक. शिफ्टला आलेला पोरगा डबा ठेवायच्या आधी मान वर करून डिफरन्स बघायचा. फलक दिसायला अगदीच ओबडधोबड. पण दिवा लागला की माणूस येतो, हे सगळ्यांना रोज डोळ्यांनी दिसत होते, म्हणून त्याला मान होता.

याच कारखान्याच्या गेटवर दुसरा एक फलक होता, 'अपघाताविना दिवस' असा. रात्री बारा वाजता आकडा आपोआप एकने वाढायचा. एकदा पॉवर प्रेसवर एका पोराच्या बोटाचे टोक गेले. दवाखाना झाला, कागदपत्रे झाली, पण फलक शून्यावर आणायचा राहिला. त्याचा रिमोट सेफ्टी ऑफिसरच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप आणि ऑफिसर रजेवर. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट आत येताना गेटवर २१३. तिसऱ्या दिवशी २१४. चौथ्या दिवशी कुणीतरी त्यावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. कुणी ते मला ठाऊक होते, मी विचारायला गेलो नाही. ऑफिसर आल्यावर आकडा शून्य झाला खरा, पण पुढे कितीतरी महिने गेटवरच्या कुठल्याही सूचनेला पोरे भीक घालीत नसत. बोनसची तारीख लावली तरी "सुपरवायझर, हे खरं हाय का?" म्हणून माझ्याकडे यायची.

नंतर नवे एचआर साहेब आले आणि कॅन्टीनमध्ये ४३ इंची टीव्ही लागला. त्यावर इंग्रजीतून कंपनीचे ध्येय, संचालकांचा संदेश, वाढदिवस. शिमगा झाला तरी दिवाळीच्या शुभेच्छा झळकत होत्या. शेजारीच कॅन्टीनवाला फळ्यावर खडूने मेनू लिहायचा, आणि गर्दी त्या फळ्यापुढे! पोरांना हवे तरी काय होते? रविवारचा ओव्हरटाइम कुणाला, सेकंड शिफ्टची बस किती वाजता सुटणार, पगाराच्या स्लिपमध्ये चूक असली तर कुणाला भेटायचे. शेवटी युनियनच्या सेक्रेटरीने साहेबांना गळ घातली, अर्धा वेळ तुमचा, अर्धा आमचा. टाइम ऑफिसच्या क्लार्कने रोज सकाळी साडेसहाच्या आत या तीन गोष्टी टाकायच्या असे ठरले. मराठीत टाकायच्या आणि हिंदीतही, कारण निम्मी पोरे बिहार-यूपीची होती. महिनाभरात लोक टीव्हीखाली ताट घेऊन उभे राहू लागले. क्लार्क रजेवर असला तर कुणी टाकायचे, हेही लिहून ठेवले होते. गेटवरचा धडा साहेबांनी नाही, पण आम्ही घेतला होता.

फलक कसा असावा म्हणून कुणी विचारले तर मी मुंबईच्या लोकलचा इंडिकेटर दाखवीन. उमेदवारीची दोन वर्षे डोंबिवलीत राहिलो आहे. मध्य रेल्वेवर कसाऱ्याला 'एन', कर्जतला 'एस'. धीम्या गाडीलाही 'एस'. नवख्याला हा गोंधळ वाटेल. पण इंडिकेटरवरच्या पहिल्या घरातला 'एस' म्हणजे कर्जत आणि पुढच्या घरातला 'एस' म्हणजे धीमी, हे जिन्यावरून पळत उतरणाऱ्यालासुद्धा पक्के ठाऊक असते, कारण घरे कधी बदलत नाहीत. आता त्याच्या जोडीला डबे बारा की पंधरा आणि गाडीला किती मिनिटे, हेही येते. रुग्णालयाच्या टीव्हीवर नंबरासाठी अशी एक कायमची पट्टी ठेवली असती, तर जाहिराती खुशाल फिरू द्यायला कुणाची हरकत होती?

मराठीचे रडगाणे वेगळे. दुकानांवर, कचेऱ्यांत लाल अक्षरांच्या सरकत्या पट्ट्या दिसतात, त्यातल्या पुष्कळशा पी-टेन नावाच्या तुकड्यांच्या असतात. एका तुकड्यात आडवे ३२ ठिपके, उभे १६, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना १६ ठिपके म्हणजे ऐसपैस. मराठीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मग मधल्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम नऊ-दहा उरतात. 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांतला फरक तेवढ्यात दाखवा पाहू! मग बसवणारा म्हणतो, "मराठी नीट येत नाही, इंग्रजीच टाकू." येते की. दोन तुकडे एकावर एक बसवले की उभे ३२ ठिपके मिळतात. खर्च वाढतो हे कबूल. आणि मजकूर सरकवायची हौस आवरली तर मोतीबिंदूवाल्यांवर उपकार होतील.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या १०८ व्या कलमात कारखान्यातल्या सूचनांबद्दल लिहिले होते: इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत असाव्यात, मुख्य प्रवेशद्वारापाशी ठळक आणि सोयीच्या जागी लावाव्यात, स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवाव्यात. तेव्हा टीव्ही नव्हता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद होता. आज लाख रुपयांचा पडदा लावणाऱ्यांनी तेवढे केले तरी पुष्कळ. बहुसंख्यांची भाषा म्हणजे कुठली, हे बँकेतल्या रांगेत पाच मिनिटे उभे राहिले तरी समजते.

मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. आग विझवायच्या लाल सिलिंडरला एक चिठ्ठी बांधलेली असते. भरल्याची तारीख, पुन्हा भरायची तारीख, खाली सही. तशी ओळ प्रत्येक पडद्याच्या तळाला असावी: माहिती शेवटची केव्हा बदलली आणि कोणत्या हुद्द्याच्या माणसाने. नाव नको, हुद्दा पुरे. आज सकाळी १० ची वेळ दिसली तर ग्राहक विश्वास ठेवील. गेल्या गुरुवारची दिसली तर सरळ खिडकीशी जाऊन विचारील, निदान चहाला गेलेल्या आजोबांसारखा फसणार तरी नाही. यंत्र विकणारे लोक पडद्याचे इंच, रंगांची संख्या, मोबाइलवरून चालवायची सोय, सगळे सांगतात. रोज सकाळी त्यात मजकूर कोण घालणार, हे विकत घेणाऱ्यानेच ठरवायचे असते आणि बहुतेक ठिकाणी ते ठरवलेलेच नसते.

रुग्णालयाच्या तक्रारवहीत मी दोनच ओळी लिहून आलो आहे: नंबर पुढे नेणारे बटण डॉक्टरांच्या टेबलावरून काढून दारातल्या मावशींच्या हातात द्यावे, आणि नंबराची जागा जाहिरातीला देऊ नये. वही ठेवणाऱ्या मुलीने वाचून मान डोलावली. सौ.ला पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. बटण कुणाच्या हातात आहे ते तेव्हा बघून येईन.

आपला,
एक निवृत्त लाइन सुपरवायझर, भोसरी