सरकारी वकिलांच्या कामाची तपासणी गृह विभागाबाहेरून व्हावी

महोदय,

आरोपी निर्दोष सुटला की तपासातील त्रुटींबद्दल पोलिसांवर टीका होते. सरकारी वकिलाने कायद्याने नेमून दिलेले काम केले की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. सरकारी वकील म्हणजे पोलिसांचे कागद पुढे पाठवणारे टपाल कार्यालय नव्हे, तपासाला मुदतवाढ मागण्यापूर्वी त्याने स्वतः कागदपत्रे पाहून मत बनवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात, म्हणजे टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालील महाराष्ट्रातल्याच खटल्यात, बजावले होते. न्यायालयीन नोकरीत मी पाहिले ते निराळेच होते. साक्षीदाराची आणि सरकारी वकिलाची पहिली भेट बहुधा साक्षीच्या दिवशीच, व्हरांड्यात, पुकारा होण्याच्या पाच मिनिटे आधी होई. जुना जबाब डोळ्यांखालून घालायलाही त्याला सवड मिळत नसे, आणि मग जबाबाशी न जुळणारे काही बोलला की तो फितूर ठरे. यात सगळा दोष वकिलांचा नाही, त्यांच्या टेबलावरचा फायलींचा ढीगही मी पाहिला आहे. परंतु हयगय कोणती आणि कामाचा बोजा कोणता, हे त्रयस्थाने तपासल्याशिवाय कसे कळणार?

गुजरात शासन विरुद्ध किशनभाई प्रकरणात ७ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्ततेच्या प्रत्येक निकालाची छाननी करण्याचे आदेश सर्व राज्यांच्या गृह विभागांना दिले. मात्र ही छाननी करणार पोलीस आणि अभियोग (म्हणजे सरकारी वकिलांच्या) विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्यांचीच स्थायी समिती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम २० ने जिल्हा पातळीपर्यंत अभियोग संचालनालयाची तरतूद केली, हे चांगलेच झाले, पण संचालक राहिले गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली. ज्या विभागाकडे पोलीस, त्याच्याचकडे अभियोक्ते आणि दोघांच्या चुका शोधणारेही तेच, अशी ही रचना आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सन २००० च्या कायद्याने अभियोग सेवेपासून वेगळे निरीक्षणालय स्थापन झाले असून त्याचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो.

खटले मागे घेण्याच्या बाबतीत तर अशा तपासणीची निकड अधिकच आहे. याच सुरक्षा संहितेच्या कलम ३६० प्रमाणे खटला मागे घेण्यासाठी न्यायालयाकडे परवानगी मागण्याचा निर्णय सरकारी वकिलाने स्वतंत्रपणे घ्यायचा असतो. तो वरून आलेल्या पत्रावर घेतला की कागदपत्रे पाहून, हे त्या अर्जावरून क्वचितच कळते.

निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक महसूल विभागात एक तपासणी मंडळ असावे, चालू खटल्यात त्याने हात घालू नये, परंतु निकाली खटल्यांची, मागे घेतलेल्या प्रकरणांची आणि मुदत उलटून गेलेल्या अपिलांची निवडक तपासणी करून आपला अहवाल थेट विधिमंडळाला द्यावा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातील आमदारांनी यासाठी अशासकीय विधेयक मांडावे, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
धरमपेठ, नागपूर