साहेब, एकदा उधारीची वही वाचा

मा. अर्थ व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

औसा तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. लोकांचा खर्च वाढला, बाजारात विश्वास परतला, असं २०२५ च्या दिवाळीनंतर पेपरात वाचत होतो. माल माझ्याही दुकानातून गेला. पण तो रोखीने गेला की वहीत मांडून, हे कुठल्या आकड्यात दिसतं, एवढंच विचारायला हे पत्र लिहितोय.

२२ सप्टेंबरला जीएसटी उतरला. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. निर्णय चांगला होता, आम्ही लगेच नवे भाव लावले. त्याच दिवसांत तेरणा-मांजरेचं पाणी सोयाबीनमध्ये शिरलं. शिवाय गोडं तेल, साखर, चहा यांवर आधीपासून ५ टक्केच होते, ते तसेच राहिले, आणि सुट्या डाळी-तांदळाला कर नव्हताच. केंद्राच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीत खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यातले ४७ टक्के खाण्यावरचे. म्हणजे जिथे निम्मा पैसा जातो, तिथे सूट फारशी पोचलीच नाही.

दसऱ्याच्या तोंडावर वस्तीवरच्या एक मावशी आल्या. चहाचा अर्धा किलोचा पुडा हातात घेतला, भाव विचारला, परत फळीवर ठेवला आणि दहा-दहा रुपयांच्या पाच पुड्या मोजून घेतल्या. पुड्यांनी चहा महाग पडतो, हे त्यांना माझ्याइतकंच कळतं. "एकदम पैसा मोडवत नाही रे. ह्या पण मांड. सोयाबीनची पट्टी आली की मागचं सगळं मिटवते." पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, आली ती डागी मालाची. त्यातून खताची उधारी फिटली, माझी राहिली.

रिझर्व्ह बँक शहरी ग्राहकांचा विश्वास १९ शहरांत मोजते, महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर. खेड्यांचीही वेगळी पाहणी आता होते. आमच्याकडे विश्वास ओळखायची खूण साधी आहे: महिन्याचा किराणा एकदम भरणारी घरं किती, आणि रोज संध्याकाळी पावशेर तेलाला येणारी किती. लाडक्या बहिणीचे १,५०० जमा झाले की बायका आधी उधारी मिटवायला येतात, हे मी डोळ्यांनी बघतो. हप्त्याची तारीख पक्की असती, तर त्यांनी वाणसामानही बेताने, एकदम भरलं असतं. पैसा थोडा असला तरी चालतो, तो कधी येणार हे माहीत पाहिजे.

सोयाबीनचंही तेच. हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं आणि हमीभावाची खरेदी सुरू झाली १५ नोव्हेंबरला. लेकरांना कपडे घ्यायचे, रब्बीचं बी आणायचं, तो माणूस तोवर थांबणार कसा? आडतीवर मिळेल त्या भावाने घालून मोकळा झाला. सरकारचा भाव कागदावर राहिला, आणि दिवाळीचा बाजार माझ्या वहीत.

म्हणून विनंती आहे. नोंदणी सप्टेंबरातच घ्या आणि केंद्रं दसऱ्याला उघडा. पावसात सापडलेला माल खरेदीच्या १२ टक्के ओलाव्याच्या अटीत बसत नाही, हे मान्य. मग बाजार समितीच्या आवारात वाळवणी यंत्रं बसवा, त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करा. आणि माप झालं की पैसे किती दिवसांत खात्यावर येतील, ते पावतीवरच छापा. ती पावती पाहून मी उधार द्यायलाही कचरणार नाही.

दुसरं, अर्थ व सांख्यिकी संचालनालय आपल्याच नियोजन विभागाकडे आहे. आर्थिक पाहणी दरवर्षी निघते. पुढच्या वेळी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या किराणा दुकानांची उधारी मोजून घ्या: पोळ्याला किती होती, दिवाळीला किती झाली, संक्रांतीपर्यंत किती फिटली.

आपला माणूस आला तर गिऱ्हाइकांची नावं झाकून मी माझी वही समोर ठेवीन. आठवडी बाजाराच्या दिवशी पाठवलात तर आसपासच्या गावांतले दुकानदारही भेटतील. त्यांच्याशी मी बोलून ठेवलं आहे.

आपला विश्वासू,
एक किराणा दुकानदार
ता. औसा, जि. लातूर