यॉटचे मालक पगारातून यॉट घेत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिश्रीमंतीकडे नेणाऱ्या नोकऱ्यांची यादी देणारा आपल्या करिअर पुरवणीतला लेख माझ्या पुतणीने कापून वहीत ठेवला आहे. शल्यविशारद, वैमानिक, कॉर्पोरेट वकील, इन्व्हेस्टमेंट बँकर, डेटा सायंटिस्ट अशी नावे आणि वर एका पांढऱ्याशुभ्र तीन मजली यॉटचे छायाचित्र. पुतणी बारावीला आहे. तिने पेन्सिलीने शल्यविशारद आणि बँकर या दोन शब्दांभोवती गोल केला आणि मला विचारले, ‘‘काका, यातलं काय केलं की अशी बोट घेता येते?’’ मला विचारण्याचे कारण असे की १९९७ पासून २०१९ पर्यंत, बावीस वर्षे, मी अशाच बोटींच्या इंजिन रूममध्ये काम केले. आधी थर्ड इंजिनिअर, शेवटची नऊ वर्षे चीफ.

तिला जे सांगितले ते आपल्या वाचकांनाही सांगावेसे वाटले, कारण तो लेख कापून ठेवणारी ती एकटी मुलगी नसणार.

मी सात यॉटवर काम केले. म्हणजे सात मालक जवळून पाहिले. एकाचा प्लास्टिकच्या वेष्टनांचा कारखाना होता. एकाची कंपनी लिफ्टच्या देखभालीची कंत्राटे घ्यायची. एकाच्या घरात तीन पिढ्यांपासून सिमेंट. दोघांनी आपापल्या कंपन्या उभ्या करून विकल्या होत्या, एकाला सगळे वारशाने आले होते. सातवा डॉक्टर होता. पुतणीचा चेहरा इथे उजळला, म्हणून पुढचे सांगणे भाग होते. त्याने शस्त्रक्रिया करणे कधीच सोडले होते. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांची साखळी त्याने उभारली होती आणि बोट आली ती त्या साखळीतल्या त्याच्या हिश्श्यातून. त्याच्या हाताखालचे पॅथॉलॉजिस्ट त्याच्याइतकेच शिकलेले होते. त्यांना पगार होता, आणि तो चांगलाही होता.

आपल्या लेखातली सगळी यादी पगाराची आहे, छायाचित्र मात्र मालकीचे आहे. माझी तक्रार एवढ्याच ठिकाणी आहे.

साधा हिशेब करून पाहावा. वर्षाला दहा लाख डॉलर पगार मिळवणारा माणूस जगात कुठेही अतिशय यशस्वी समजला जाईल. त्याने कर भरला नाही, खाल्ले-प्यायले नाही, सगळाच्या सगळा पगार पेटीत टाकला, तरी अब्ज डॉलर जमायला त्याला हजार वर्षे लागतील. ज्यांच्याकडे अब्जावधी आहेत त्यांनी ते साठवलेले नाहीत. त्यांच्या मालकीच्या वस्तूची किंमत वाढली आहे. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांचा वार्षिक पगार वर्षानुवर्षे ८१,८४० डॉलर होता. गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी कित्येक दशके एक लाख डॉलर पगार घेतला.

नोकरी करून कोणीच त्या पातळीला पोचत नाही, असेही नाही. पुढे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झालेले स्टीव्ह बामर १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये तिसावे कर्मचारी म्हणून लागले. पगार ५० हजार डॉलर ठरला, पण सोबत वाढत्या नफ्यातला वाटाही ठरला, आणि पुढच्या वर्षी कंपनीची रीतसर नोंदणी झाली तेव्हा त्या वाट्याच्या बदल्यात त्यांना समभाग मिळाले. पुढचे सगळे त्या समभागांनी केले. खेळाडूंचेही तेच. मायकेल जॉर्डन यांनी बास्केटबॉलच्या पंधरा मोसमांत पगारापोटी सुमारे साडेनऊ कोटी डॉलर मिळवले. त्यांची खरी संपत्ती नायकेच्या बुटांच्या प्रत्येक जोडामागे मिळणाऱ्या वाट्यातून आणि २०१० मध्ये घेतलेल्या शार्लट शहराच्या बास्केटबॉल संघातून आली. त्या संघातला मोठा हिस्सा त्यांनी २०२३ मध्ये विकला तेव्हा संघाचे मोल तीनशे कोटी डॉलर धरले गेले होते. उलट माइक टायसन यांनी मुष्टियुद्धात तीस कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कमाई प्रचंड होती, पण ती आपोआप वाढत राहावी असे मागे काही उभे नव्हते.

मग पुतणी म्हणाली, ‘‘म्हणजे नोकरी करायचीच नाही, धंदाच करायचा.’’ तिथे मी तिला थांबवले, आणि आतापर्यंत घरात फक्त माझ्या पत्नीला ठाऊक असलेली गोष्ट सांगितली.

२००४ साली आमच्या मालकाच्या एका स्नेह्याने माझी इंजिनच्या नोंदींची वही पाहिली. प्रत्येक बेअरिंगचे तापमान, कंप, तेलाचा दाब मी तारीखवार लिहीत असे, आणि कुठला पंप कधी बिघडेल हे त्यावरून आधी सांगत असे. तो मशिनची थरथर मोजणारे सेन्सर बनवणारी कंपनी काढत होता. म्हणाला, समुद्र सोड, निम्म्या पगारावर ये, कंपनीचे दोन टक्के तुझे. मी तीन रात्री नीट झोपलो नाही. त्या वेळी आईचे डायलिसिस चालू होते, आठवड्यातून तीनदा. घराचे हप्ते होते. निम्म्या पगारात त्यातले एक काहीतरी बंद पडले असते. मी नाही म्हणालो. नऊ वर्षांनी ती कंपनी विकली गेली. त्या दोन टक्क्यांचे किती झाले असते, हे मी एकदाच कागदावर मांडले. माझ्या बावीस वर्षांच्या एकूण कमाईपेक्षा ते जास्त होते.

पण त्याच माणसाने त्याच काळात आणखी दोन कंपन्या काढल्या होत्या. त्या दोन्ही बुडाल्या, आणि त्यांत निम्म्या पगारावर गेलेल्या इंजिनिअरांचा पगारही गेला आणि हिस्साही. त्यातला एक माझ्याबरोबर बोटीवर होता, तो पुन्हा सेकंड इंजिनिअर म्हणून रुजू झाला. तेव्हासारखेच आईचे डायलिसिस चालू असताना तोच प्रश्न पुन्हा आला, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.

हे लेखात यायला हवे होते. मालकीतून संपत्ती येते, पण वाट पाहण्याची ऐपत असेल तरच. बेझोस यांनी सुरुवातीच्या गुंतवणूकदारांना सांगितले होते की पैसे बुडण्याची शक्यता सत्तर टक्के आहे. तरीही त्यांच्या आईवडिलांनी १९९५ मध्ये जवळजवळ अडीच लाख डॉलर घातले. बुडाले असते तरी त्या घराची चूल विझली नसती. धाडस त्यांनी केले हे खरेच आहे. ते करता येण्याजोगी जमीन पायाखाली होती, हेही तितकेच खरे आहे. बारावीतल्या मुलांना यातला फक्त पहिला अर्धा भाग सांगणे मला अन्यायाचे वाटते. आणि आपल्याच कंपनीचे समभाग म्हणजे संपत्ती, असे समजून निवृत्तीची सगळी पुंजी त्यात ठेवणाऱ्या एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांचे डिसेंबर २००१ मध्ये ती कंपनी बुडाली तेव्हा काय झाले, तेही त्यांना कळले पाहिजे. नोकरी आणि शिल्लक दोन्ही गेली.

आता त्या छायाचित्रातल्या बोटीविषयी.

माझी शेवटची यॉट ६२ मीटरची होती. आम्ही सतरा जण तिच्यावर राहत होतो. मालक वर्षातून फार तर पाच आठवडे यायचा. उरलेले सत्तेचाळीस आठवडे आम्ही ती त्याच्यासाठी तयार ठेवायचो. उन्हाळा भूमध्य समुद्रात, हिवाळा कॅरिबियनमध्ये, मधे अटलांटिक ओलांडायचा. बोट धक्क्याला नुसती उभी असली तरी जनरेटर चालूच, कारण वातानुकूलन बंद केले की लाकडाला आणि कापडाला बुरशी धरते. रोज सकाळी डेकवरचे मीठ गोड्या पाण्याने धुवायचे. सागवानी डेक पायाखाली झिजतो, काही वर्षांनी बदलावा लागतो. दर पाच वर्षांनी मोठा सर्व्हे असतो. बोट सुक्या गोदीत चढवून शाफ्ट बाहेर काढायचे, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडायचा, सांगाड्याच्या पत्र्याची जाडी मोजायची. त्या काळात गोदीचे भाडेही दिवसाच्या हिशेबाने चालू राहते.

आमच्या धंद्यात ढोबळ ठोकताळा असा आहे की बांधणीच्या किमतीचा दहावा हिस्सा दर वर्षी उस्तवारीत जातो. पाच कोटी डॉलरची बोट घेतली तर वर्षाला पन्नास लाख. दहा वर्षांत दुसऱ्या बोटीएवढे पैसे गेलेले असतात आणि पहिलीची विक्रीची किंमत उतरलेली असते. भाड्याने देऊन खर्च वसूल होईल अशा आशेवर काही मालक बोट घेतात. मी तरी तो पुरता वसूल झालेला पाहिला नाही. म्हणून बोट परवडते का, हे तिच्या किमतीवरून कधीच ठरवू नये. पुढची दहा वर्षे तिचा दहावा हिस्सा कुठून येणार, हे विचारावे. घड्याळापासून मोटारीपर्यंत बऱ्याच वस्तूंना हे थोड्याफार फरकाने लागू पडते. बोटीत ते डोळ्यांदेखत दिसते, इतकेच.

यातली आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. बरेच मोठे मालक बोट घेण्यासाठी आपले समभाग विकत नाहीत. विकले तर बहुतेक देशांत नफ्यावर कर लागतो आणि हिस्साही कमी होतो. ते समभाग बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढतात. समभाग वाढत राहिले तोपर्यंत सगळे सुरळीत. २००८ च्या शरद ऋतूत मी ज्या यॉटवर होतो तिच्या मालकाच्या कंपनीचा भाव कोसळला. बँकेने आणखी तारण मागितले, ते त्याच्याकडे नव्हते. एका सकाळी कॅप्टनने आम्हाला मेसमध्ये बोलावून सांगितले की डिझेलचे बिल थकले आहे. आमचे तीन महिन्यांचे पगार अडकले. सागरी कायद्यात खलाशांच्या पगाराचा हक्क खुद्द जहाजावर असतो आणि तो बँकेच्या गहाणाच्याही आधी येतो, म्हणून बोट विकली गेल्यावर ते आम्हाला मिळाले. पण त्या तीन महिन्यांत घरी पैसे पाठवण्यासाठी मी सहकाऱ्यांकडून उसने घेतले. आमच्या डेकवरचा सर्वांत तरुण मुलगा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या बोटी घासून खर्च भागवत होता. त्या बोटीचे छायाचित्रही तुमच्या लेखावर छान दिसले असते.

पुतणीने शेवटी हँडबॅगांविषयी विचारले. तिच्या वयाला ते साहजिक आहे आणि तो प्रश्न मला आवडला. ऐषारामी वस्तूंच्या बाजारात सर्वांत जास्त पैसा वस्तू घेणाऱ्यांकडे नसून ती विकणाऱ्यांकडे जमा होतो, हे त्यातून चटकन कळते. बर्नार्ड आर्नो यांनी १९८४ मध्ये घरच्या बांधकाम व्यवसायाचे पैसे घालून एक डबघाईला आलेला कापडउद्योग घेतला, कारण त्याच्या पोटात डिओर हे फॅशनमधले मोठे नाव होते. पुढे त्यांच्या एलव्हीएमएच या ऐषारामी वस्तूंच्या उद्योगसमूहाने महागड्या बॅगा बनवणाऱ्या हर्मेस कंपनीचे समभाग हळूहळू गोळा केले आणि २०१० मध्ये ते जाहीर झाले. तेव्हा हर्मेस घराण्यातल्या डझनावारी चुलत-आते भावंडांनी निम्म्याहून अधिक भांडवल एका होल्डिंग कंपनीत एकत्र बांधून ठेवले आणि वीस वर्षे ते विकायचे नाही असे ठरवले. त्यांची बिर्किन बॅग मिळावी म्हणून जगभर लोक ताटकळतात. ती बॅग खांद्याला लावून मिरवण्यापेक्षा कारखान्याचा हिस्सा हातात राहणे त्या भावंडांना महत्त्वाचे वाटले.

पुतणीला शरीरशास्त्र मनापासून आवडते. बेडकाच्या हृदयाची आकृती ती न बघता काढते. तिने डॉक्टर व्हावे, उत्तम व्हावे, आणि पगारावर सुखाने जगावे, यात मला काहीही कमी वाटत नाही. मी तसाच जगलो. आईचे शेवटचे सहा वर्षांचे डायलिसिस त्या पगारात झाले, घर फिटले. तिने बँकरभोवतीचा गोल पुसला आहे, शल्यविशारदाभोवतीचा ठेवला आहे.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत पुन्हा असा लेख आला तर प्रत्येक व्यवसायापुढे पगाराच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना द्यावा: त्या व्यवसायात हिस्सा कोणाकडे असतो आणि नव्याने येणाऱ्याला तो मिळण्याची वाट कोणती. आणि वर यॉटचे छायाचित्र घालणार असाल तर तिच्यावर राबणाऱ्यांची संख्या आणि वर्षाचा खर्च चौकटीत छापावा. आकडे जमवायला मी मदत करीन. माझ्या बावीस वर्षांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त सागरी इंजिनिअर