पहिलीचा पट एक

तालुका कणकवली, जि. सिंधुदुर्ग
रविवार, 23 जून 2024

प्रिय सुलू,

पोचल्या पोचल्या लिहीन म्हणाले होते आणि आज शाळा सुरू होऊन आठवडा उलटला. रागावू नकोस. रेंज फक्त शाळेमागच्या चढावर, तीही पाऊस नसेल तर. म्हणून सरळ कागदच घेतला. लातुरात पाऊस आला की आपण दारात जाऊन बघतो. इथे तो मुक्कामालाच आलाय. पायरीवर शेवाळ, वह्यांची पानं मऊ पडलेली, आणि बुधवारची साडी अजून दोरीवर ओलीच.

शाळा कौलारू, लालभडक भिंतींची. मी आपली विचारून बसले, गिलावा राहिलाय का? मुख्याध्यापक गुरुजी हसले. "चिरा आहे तो बाई, जांभा. त्याला गिलावा कशाला?" हो, इथे मी 'बाई'. नऊ वर्षं 'मॅडम मॅडम' ऐकलेलं, त्यामुळे पहिले दोन दिवस हाक आली की मीच मागे वळून बघायचे, दुसरं कोण आलं म्हणून.

आता पट ऐक. पहिली ते चौथी मिळून 7. गुरुजींकडे तिसरी-चौथीची चार, माझ्याकडे दुसरीचे दोघं आणि पहिलीत एक. एक! तिकडे आपल्या वर्गात 62 पोरं कोंबलेली असायची. आणि त्या एकीसाठी 15 तारखेला अख्खी वाडी जमली. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, फुलं, नवी पुस्तकं. ताटात कुंकवाचं पाणी करून तिच्या पावलांचे ठसे कागदावर घ्यायचे होते. जाई तिचं नाव. उजवं पाऊल नीट उमटलं. डावं उचलायला गेले तर तिने पाय पोटाशी घेतला, "माका नको" म्हणाली, आणि आजीच्या पदरात शिरली. एका पावलाचा तो कागद तसाच भिंतीवर लावलाय. गुरुजी म्हणाले, पुन्हा घेऊ. मी नको म्हटलं.

त्यानंतर पोरगी माझ्याशी अक्षर बोलली नाही. त्याला माझंच तोंड जबाबदार असणार. सोमवारी बकरी ईदची सुट्टी होती. मंगळवारी तिला बोलतं करावं म्हणून विचारलं, सकाळी काय खाल्लंस? ती गप्प. दुसरीतला एक म्हणाला, "बाई, पेज." मी घाबरून तिच्या कपाळाला हात लावला, "ताप आलाय का गं?" आपल्याकडे पेज म्हणजे आजारी माणसाचं खाणं की! दोघं पोटं धरून हसले. ती हसली नाही. इथे सगळेच रोज पेज खातात हे मला दुपारी स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी सांगितलं, तेही हसतच.

खरं सांगू? मला वाटलं होतं, 62 सांभाळलेत, तीन म्हणजे सुट्टीच. तिकडे पाढे लावून दिले की अर्धा तास आवाजात निघून जायचा. इथे दोघांचे पाढे सहा मिनिटांत संपले आणि तिघंही माझ्याकडे बघत बसली, आता काय म्हणून. तेव्हा मला आपला तो खिडकीजवळचा शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवला. वर्षभरात त्याचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला असेन. त्याला वाचता येत होतं का गं? मला खरंच आठवत नाही.

पगाराचं विचारशील. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं 16,000. तिकडे सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, त्यापेक्षा लाख पटीने बरं. पण 20 च्या आतल्या पटाच्या शाळांचं पुढे काय, हा विषय इथे प्रत्येक चहाला निघतो. पोरं सगळी मुंबईला, गुरुजी म्हणतात. मी ऐकून घेते. आल्या आल्या त्यात डोकं घालायचं नाही असं ठरवलंय.

शुक्रवारी योगदिन आणि वटपौर्णिमा एकाच दिवशी. सकाळी पडवीत सात जणांचं वज्रासन झालं. नंतर जाईची आई वड पुजून येताना आंबे, जांभळं आणि अख्खा फणस देऊन गेली. हौसेने मधल्या सुट्टीत सुरी घेऊन बसले. सुलू, तो चीक! हात हाताला चिकटले, सुरी हाताला चिकटली, साबणाने आणखीच पसरला. मी तशीच दोन्ही हात वर धरून उभी. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "बाई, हाताक तेल लावूक व्हया." आणि जाई स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन आली. माझी बोटं एकेक करून तिनेच पुसली. गरे कसे काढायचे तेही दाखवलं. बोलत होती सारखी. निम्मं मला कळलं नाही.

एक काम कर. आपल्या स्टाफरूमच्या कपाटात वरच्या फळीवर माझी चित्रकार्डं राहिली आहेत, चपलेच्या खोक्यात. पाठवून दे, पण प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, नाहीतर इथे लगदाच पोचेल. ज्वारीच्या कणसाचं कार्ड आहे का बघून घे. पेजेची फिटंफाट करायचीय.

तुझी,
मंगल