वेल्सच्या रग्बीत जिम सलिव्हन नाहीच?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत वेल्सच्या रग्बीवर अख्खं पान होतं, फोटो पण झकास, पण एवढ्या मोठ्या पानात जिम सलिव्हनचं नाव शोधूनही सापडलं नाही. रग्बीचे प्रकार दोन, युनियन आणि लीग; लेखकाने फक्त पंधरा जणांची युनियन धरली आणि तेरा जणांच्या लीगवाल्यांना सरळ वगळलं. तिकडच्या युनियनवाल्यांनी हेच केलं होतं, आपण इथे बसून त्यांची री कशाला ओढायची?

सलिव्हन कार्डिफचा पोरगा, 1903 चा जन्म. 1921 मध्ये 17 वर्षांचा असताना विगन ह्या लीगच्या क्लबने 750 पौंड मोजून त्याला उत्तर इंग्लंडला नेलं, त्या काळात ही रक्कम म्हणजे चेष्टा नव्हती. पण पैसे घेतले की युनियनचे दरवाजे जन्मभर बंद. भांडण जुनंच, कामगार माणूस शनिवारी मॅच खेळला की त्याचा खाडा पडतो, ते पैसे भरून द्या एवढीच उत्तरेच्या क्लबांची मागणी होती आणि त्यावरूनच 1895 ला हडर्सफील्डमध्ये युनियनशी त्यांची फारकत झाली. युनियनचा धाक इतका की वेल्सची पोरं लीगच्या क्लबात ट्रायल द्यायची तर टीमच्या यादीत नावच नसायचं, तिथे ‘ए. एन. अदर’ छापायचे, म्हणजे कुणीतरी अमका. दोन युद्धांच्या मधे कोळशाचा धंदा बसला, खाणी बंद पडल्या, तरी पोरं चोरून जातच राहिली, कोकणातली माणसं गिरणीत यायची तशी.

आता आकडे बघा. सलग 18 सीझन, प्रत्येकात शंभराच्या वर गोल! खेळायचा फुलबॅकला, म्हणजे सगळ्यात मागे. 1925 ला चॅलेंज कप ह्या लीगच्या स्पर्धेच्या मॅचमध्ये फ्लिंबी अँड फॉदरगिल नावाच्या बिचाऱ्या हौशी टीमला विगनने 116-0 धुतलं, त्यात ह्या एकट्याचे 22 गोल. समोरची टीम लिंबूटिंबू होती हे मान्य, पण शिवलेल्या चामड्याचा तो बॉल पावसात भिजून जड झालेला असताना दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीच्या वरून घालवायचा, तेही वर्षानुवर्षं, म्हणजे खायचं काम नाही. सगळं मिळून 928 मॅच, 2,867 गोल.

1929 ला चॅलेंज कपची फायनल पहिल्यांदा वेम्बलीवर झाली, विगनने ड्यूसबरीला 13-2 हरवलं, कॅप्टन हाच आणि तिथले पहिले पॉइंटही ह्याचेच. 1932 ला ब्रिटनचा कॅप्टन म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला, सिडनीत पहिल्या टेस्टला 70 हजारांवर पब्लिक, 8-6 ने जिंकले, ब्रिस्बेनला मार खाल्ला (ती मॅच कमी आणि मारामारी जास्त होती असं म्हणतात), पण तिसरी 18-13 ने घेऊन सीरिज खिशात. 1936 ला परत कॅप्टनशिप देत होते, बायको आजारी म्हणून ह्यानेच नको म्हटलं. माझ्या मते ह्या एका गोष्टीवर त्याला चार रेकॉर्ड जास्त द्यायला हवेत.

गस रिस्मनचं पण तेच, तोही कार्डिफकडचा, 1929 पासून सॅलफर्ड क्लबला, 1952 मध्ये वयाच्या 41 व्या वर्षी वर्किंग्टनचा कॅप्टन म्हणून वेम्बलीला कप उचलला. त्याचा तरी पुतळा 2023 ला कार्डिफ बे मध्ये बसला, बिली बोस्टन आणि क्लाइव्ह सलिव्हन ह्या लीगवाल्यांच्या सोबत. हा क्लाइव्ह वेगळा, आडनाव एकच, लेखकाने परत लिहायला घेतलं तर घोळ नको.

आपला,
एक नेहमीचा वाचक, डोंबिवली