मागणीपत्रकातली न लिहिलेली ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक संघटनेच्या कुठल्याही अधिवेशनाला जा, मागणीपत्रक न वाचताच सांगता येते. जुनी पेन्शन लागू करा, १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा (पटावरून शाळेतली शिक्षकांची पदे ठरवण्याचा) शासन निर्णय रद्द करा, टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेची सक्ती नको, अशैक्षणिक कामे काढून घ्या. मागण्या रास्तच आहेत. पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये सात दिवस संपही झाला. पण वर्गात आणि शिक्षकांच्या खोलीत जातीवरून जे चालते, त्याची ओळ या पत्रकात नसते. तो विषय आपण ११ आणि १४ एप्रिलच्या भाषणांसाठी राखून ठेवला आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकांच्या संघटनेने, कॅलिफोर्निया फॅकल्टी असोसिएशनने, वंशभेदाविरुद्धच्या कामातच जातीचा मुद्दा घेतला आणि तो सेवाकरारात लिहून घेतला. विद्यापीठाच्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द जानेवारी २०२२ मध्ये आला. त्याविरुद्ध दोन भारतीय वंशाचे प्राध्यापक कोर्टात गेले, तो भाग वेगळा. जात इथून तिकडे गेली आणि तिच्याविरुद्धचे कलम तिकडच्या संघटनेने लिहून घेतले, हे आपल्या संघटनांनी जरा मनाला लावून घ्यायला हवे. आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. संविधानाचे कलम १७ आहे, १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, शिक्षण हक्क कायद्याची कलमे ८ आणि ९ वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकतात. कमी आहे ती तक्रार आल्यावर काय करायचे याची पद्धत.

गाडी अडते ती इथेच. तक्रार करणारी शिक्षिका संघटनेची सभासद असते आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते मुख्याध्यापकही त्याच संघटनेचे सभासद असतात, बहुतेकदा जुने आणि वजनदार. मग तालुकाध्यक्ष संध्याकाळी मोटारसायकल काढतात आणि दोन घरी चहा घेऊन प्रकरण ‘मिटवून’ येतात. पालकाची तक्रार असेल तर गावातला एखादा पुढारी सोबत असतो. कागदावर काहीच उरत नाही, आणि पुढच्या बदलीत तक्रारदारच लांब जाते. यात वाईट हेतू असतोच असे नाही. सभासदाला वाचवणे हे संघटनेचे कामच आहे, पण एकच माणूस दोन्ही बाजूंचा होऊ शकत नाही.

त्यावर तोड अवघड नाही. तालुक्याला दोन संपर्क शिक्षक नेमावेत, त्यातली एक महिला, आणि दोघेही कार्यकारिणीबाहेरचे. तक्रार लेखी घ्यावी, तारखेसह पोच द्यावी, सात दिवसांत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावक क्रमांकासह पाठवावी आणि प्रत तक्रारदाराला द्यावी. ज्याने तक्रार घेतली त्याने विभागीय चौकशीत दुसऱ्या बाजूचा बचाव सहायक व्हायचे नाही. तो दुसरा कोणीतरी असावा, कारण बचावाचा हक्क आरोप असलेल्या सभासदालाही आहे. प्रकरण अ‍ॅट्रॉसिटीचे दिसत असेल तर संघटनेने तडजोडीला बसूच नये. त्या कायद्याच्या कलम ४ खाली कर्तव्यात कसूर करणारा लोकसेवकही अडचणीत येतो.

दुसरे काम वर्गातले, आणि त्याला पैसा लागत नाही. महिनाभर एक कागद भिंतीला लावा. परिपाठात सुविचार कोणी सांगितला, बातम्या कोणी वाचल्या, पाहुण्यांना गुलाब कोणी दिला. आणि झाडू कोणी मारला, पाण्याची टाकी कोणी धुतली, पोषण आहाराची भांडी कोणी उचलली. नावे लिहा, जात लिहू नका, गाव छोटे असते. महिनाअखेरीला नावांपुढच्या रेघा मोजल्या की बहुतेक शिक्षक स्वतःच गप्प होतात. ‘ती मुले कामाला चटपटीत आहेत’ हे उत्तर हमखास येते. मग चटपटीत मुलाला बातम्या का मिळत नाहीत, एवढेच विचारावे. पुढच्या महिन्यापासून पाळी हजेरीच्या क्रमाने लावावी.

शिष्यवृत्तीच्या याद्यांचेही तसेच. दिवसाला एक रुपयाचा उपस्थिती भत्ता असो की मागासवर्गीय मुलींची शिष्यवृत्ती, ‘एससीवाल्यांनी हात वर करा’ हे वाक्य अजून भर वर्गात ऐकू येते. त्याची गरजच नाही. माहिती जनरल रजिस्टरात असते, यादी कार्यालयात बसून होते, कमी पडलेला कागद पालकाकडून मागवता येतो. मोफत गणवेश पूर्वी सर्व मुलींना, पण मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळत असे, त्यामुळे वाटपाच्या दिवशी अख्ख्या वर्गाला वर्गवारी कळायची. २०२३-२४ पासून तो उरलेल्या मुलांनाही लागू झाला. याच्या उलट टोकाला काही उत्साही शिक्षक ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणून रजिस्टरातला जातीचा रकाना कोरा ठेवतात. असे कृपया करू नये. पंधरा वर्षांनी जात पडताळणीला तोच उतारा लागतो आणि त्या मुलाच्या चपला झिजतात.

भाषेवरून होणारा भेदभाव तर कोणी भेदभावात धरतच नाही. मूल ‘पानी’, ‘आनि’, ‘कोन’ म्हणाले की वर्ग हसतो, बाई ‘पाणी म्हण’ म्हणून तीनदा वदवून घेतात आणि ते मूल पुढे हात वर करायचे थांबते. घरी पारधी, गोरमाटी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाचे तर विचारूच नका. वाचनचाचणीत अक्षर ओळखले का, अर्थ कळला का हे तपासायचे असते. ‘न’ आणि ‘ण’चे गुण कापायचे नसतात. संघटनांनी आपल्या शैक्षणिक परिषदांत यावर एक तास ठेवावा, व्याख्याता परजिल्ह्यातून आणण्याची गरज नाही.

आता शिक्षकांकडे. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहण्याच्या अटीसाठी ग्रामसभेचा ठराव मागतात. आडनाव ऐकून ज्याला गावात खोली नाकारली जाते, त्या शिक्षकाने तो ठराव कुठून आणायचा? ही अट काढा म्हणून संघटना भांडतात, पण ही बाजू कधीच मांडत नाहीत. मांडली तर मागणीला जोरच येईल. खासगी अनुदानित संस्थांत बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतली आहे का, हे दरवर्षी माहितीच्या अधिकारात मागवणेही संघटनेला सहज जमेल. एकेकट्या शिक्षकाला संस्थाचालकांपुढे ते जमत नाही.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. शाळेचे नाव तेच असेल तर ते फलक, शिक्का आणि यू-डायस ही शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद या तिन्ही ठिकाणी बदलावे लागते. फलक रंगवून काम संपत नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुना शिक्का उमटतच राहतो.

शेवटी तक्रारपेटीबद्दल. ती बहुतेक शाळांत आहे, मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, आणि किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी पेटी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हलवावी, किल्ली शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालक महिलेकडे द्यावी आणि दर शनिवारी ती पालक महिला आणि मुख्याध्यापक या दोघांच्या सहीने पेटी उघडावी, असे एक परिपत्रक जिल्हा संघटनेने आपल्या सभासद मुख्याध्यापकांना काढावे. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.

आपले,
प्राथमिक शिक्षक संघटनेतील काही कार्यकर्ते