पैलू मोजू नका, हिरा हलवून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिऱ्यांच्या नव्या कटांवरचा लेख वाचला. या विषयाला पानभर जागा मिळाली याचा फार आनंद झाला. पण चौकटीत ठळक अक्षरांत छापलेलं 'पैलू जितके जास्त, तितकी चमक जास्त' हे वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र. गेली १९ वर्षं मी पैलूंचे आराखडे करते. त्याआधी चार वर्षं चाकावर बसून हिरे घासले आहेत. हे वाक्य खरं नाही, आणि ते छापून आलं की घेणारा माणूस तेच धरून बसतो.

आजच्या नेहमीच्या गोल कटाला, म्हणजे गोल ब्रिलियंटला, खालच्या टोकाचा बारीक पैलू (क्युलेट) धरून ५८ पैलू असतात. जुन्या काळच्या उशीसारख्या चौकोनी 'ओल्ड माइन' कटालाही ५८च. दोन्ही शेजारी ठेवले तर लहान मूलही फरक ओळखेल. जुन्यात ठळक, सावकाश उघडझाप करणारे तुकडे दिसतात, आजच्यात बाणासारख्या बारीक, तीक्ष्ण रेघा. पैलू तेवढेच, पण त्यांचे कोन आणि लांबीरुंदी वेगळी.

कोनाचं महत्त्व किती, ते सांगते. हिऱ्याच्या आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूवर लंबापासून साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त तिरका पडला, तर बाहेर न जाता आतच परततो. हिरे घासणाऱ्या घराण्यातले अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली हिशेब मांडून खालच्या मुख्य पैलूंसाठी ४०.७५ अंश आणि वरच्यांसाठी ३४.५ अंश हे कोन सुचवले. खालचे पैलू त्याहून दोनएक अंशांनी उथळ झाले की टेबलातून (वरच्या मोठ्या सपाट पैलूतून) गर्डलचं (हिऱ्याच्या मधल्या कडेचं) पांढरट कडं दिसू लागतं, त्याला आम्ही माशाचा डोळा म्हणतो. तेवढेच खोल गेले की मधोमध खिळ्याच्या डोक्यासारखा काळा डाग बसतो. पैलूंचा आकडा या दोन्ही बिघडलेल्या हिऱ्यांतही ५८च राहतो!

मीही एकेकाळी आकड्याच्या मागे लागले होते. माझा पहिला स्वतंत्र आराखडा १२१ पैलूंचा होता. संगणकावर देखणा दिसला, मग झिरकॉनिया या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्यात दहा मिलिमीटरचा नमुना घासून घेतला, तोही झगमगला. झिरकॉनिया हिऱ्यापेक्षा प्रकाशाचे रंग जास्त फोडतो, हे ठाऊक असूनही मी भुलले. मग तोच आराखडा पाव कॅरटच्या हिऱ्यावर उतरवला. त्याचा व्यास जेमतेम चार मिलिमीटर. तयार हिरा खिडकीपाशी धरला तेव्हा पोटात खड्डा पडला. आत नुसती बारीक वाळू सांडल्यासारखं दिसत होतं. प्रतिबिंबांचे तुकडे इतके लहान झाले होते की डोळ्याला एकही लखलखाट वेगळा धरता येईना. म्हणूनच तर अगदी बारीक हिऱ्यांना पूर्वीपासून १७ पैलूंचा सिंगल कट देत आले आहेत. शिवाय चमक दिसायला काळोखही लागतो. हिऱ्यात दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांतल्या बऱ्याचशा बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली असतात. त्या कुठे पडतील आणि हिरा हलवल्यावर कुठे सरकतील, हे ठरवण्यातच आराखड्याचं निम्मं काम असतं.

दुसऱ्या खेपेला मी ६५वर आले. क्युलेट सोडून नेहमीच्या ५७ पैलूंत गर्डलच्या लगत खाली ५५ अंशांवर आठ उभट पैलू घातले. चाकावर त्यातले चार सरळ उतरले. उरलेले चार काही केल्या उतरेनात. कर्कश आवाज यायचा, चाकालाच चरा पडायचा, आणि भिंगाखाली पैलू होता तसाच. हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. स्फटिकाची अष्टफलकी (आठ त्रिकोणी बाजूंच्या आकाराला समांतर) प्रतलं सर्वांत चिवट, आणि टेबल घनाच्या बाजूला समांतर असेल तर ती टेबलाशी ५४.७ अंशांचा कोन करतात. माझे ते चार पैलू नेमके त्यांच्यावर जाऊन बसले होते. संगणकाला मी हे विचारलंच नव्हतं. मी कोन बदलायला निघाले, म्हणजे सगळी नक्षी पुन्हा जुळवणं आलं. चाकावरच्या ज्येष्ठ कारागिरांनी हिरा पकडीतून काढला, कागदावर ठेवला आणि म्हणाले, "कोन राहू दे. सगळा आराखडाच साडेबावीस अंश फिरव." हिऱ्याची कड गोल असल्यामुळे फिरवल्याने वजन घटणार नव्हतं. पुढच्या हिऱ्यावर आठही पैलू उतरले. आपल्या लेखात अशा माणसाचा उल्लेख 'संगणकाचा आराखडा अमलात आणणारा' एवढाच आहे, याचंही वाईट वाटलं.

आकड्याचा मोह का पडतो, हे मला कळतं. जीआयए ही हिरे तपासून प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था २००६ पासून कटाची प्रत ठरवून देते ती नेहमीच्या गोल ब्रिलियंटची. नव्या कटाला तशी प्रत नाही, मग विकणारा सांगणार काय? पैलू मोजून सांगतो. सेंटेनरी या प्रसिद्ध हिऱ्याचे २४७ पैलू आपल्या लेखात आले आहेत, पण त्याचं २७३.८५ कॅरट वजन आलेलं नाही. त्या २४७पैकी ८३ पैलू तर गर्डलवरच आहेत. एवढ्या मोठ्या हिऱ्याला जे शोभतं, ते पाव कॅरटला झेपत नाही.

माझी विनंती एवढीच, की यापुढे एखाद्या नव्या कटाविषयी छापताना पैलूंच्या आकड्याशेजारी हिऱ्याचं वजन द्यावं आणि तोच हिरा थोडा कलवून घेतलेली दोन-तीन छायाचित्रं द्यावीत. माझ्याकडे १२१ आणि ६५ पैलूंचे ते दोन्ही हिरे आहेत, वजनाने जवळजवळ सारखे. आपली हरकत नसेल तर दोघांची एकाच उजेडात काढलेली छायाचित्रं पाठवते, शेजारीशेजारी छापावीत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
हिऱ्यांचे पैलू आखणारी एक कारागीर